बारा एमबीचा बाप्पा

मंडळाची वेबसाइट काढायचा ठराव मंजूर झाला, त्याबद्दल अभिनंदन. चहा आणि वडे येण्याआधी एकमत होणं ही गिरगावात साधी गोष्ट नव्हे. आता पाद्यपूजनापासून विसर्जनापर्यंतचे सगळे फोटो साइटवर चढवायचे आहेत, आणि नेमका याच वेळी सचिवांचा इंजिनिअर भाचा लॅपटॉप उघडून बसतो नि म्हणतो, ‘मामा, फोटो वेबपी नावाच्या हलक्या फॉरमॅटमध्ये करून टाकू, साइट पटकन उघडेल.’ त्याला चहा द्या, वडा द्या. पासवर्ड देऊ नका.

रांग नसलेल्या दर्शनाला मुंबईत मान नाही. नवसाच्या रांगेत लोक रात्र काढतात, लेकरं खांद्यावर झोपवतात, आणि तुमच्या होमपेजसाठी दीड मिनिट थांबणार नाहीत? हिशेब सोपा आहे. १२ एमबीचा फोटो म्हणजे ९६ मेगाबिट. गर्दीत मोबाइलला एक एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला एक मेगाबिट, वेग मिळाला तर ९६ सेकंद. त्यातही साधी जेपेग, म्हणजे नेहमीची जेपीजी फाइल, वरून खाली उतरते. म्हणजे चर्नी रोडला स्लो गाडीत चढलेल्या भक्ताला आधी छत, मग मुकुट, मग डोळे, मग सोंड. चरणदर्शन सगळ्यात शेवटी, तेही नशिबात असेल तर. जेपेग काढताना ‘प्रोग्रेसिव्ह’ नावाची एक खूण करता येते. ती केली की पूर्ण मूर्ती आधी धूसर दिसते आणि हळूहळू स्पष्ट होत जाते. ही खूण चुकूनही करू नका. सगळ्यांना एकदम दर्शन मिळालं तर व्हीआयपी पासचं काय करायचं?

फोटो मिळवण्यापासून काळजी घ्यावी लागते. फोटोग्राफरने साध्या पद्धतीने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला तर फोटो वाटेतच बारीक होऊन येतो. म्हणून त्याला बजावून सांगा, ‘भाऊ, डॉक्युमेंट म्हणून पाठव.’ मग अस्सल ६००० बाय ४००० पिक्सेलचा ऐवज हाती लागतो. बघणाऱ्याच्या मोबाइलचा पडदा बहुधा हजार-अकराशे पिक्सेल रुंद असतो, पण तो त्याचा प्रश्न. ब्राउझर बसेल चेपत. शिवाय फाइल उतरली म्हणजे काम झालं असं नाही. चित्र उलगडताना दर पिक्सेलमागे चार बाइट धरले तर मोबाइलच्या मेमरीत ९६ एमबी जागा अडते. स्वस्तातला फोन तिथेच गरम होतो. ही जागा फॉरमॅटवर नाही, लांबी-रुंदीवर ठरते. त्यामुळे भाच्याने फारच हट्ट धरला तर फॉरमॅट बदलू द्या, आकार मात्र कमी करू देऊ नका. तोच फोटो १६०० पिक्सेल रुंदीला आणून वेबपीत ८० क्वालिटीवर काढला तर दोन-तीनशे केबीत मावतो आणि त्याच रडक्या नेटवर्कवर अडीच सेकंदांत उघडतो. अडीच सेकंदांत भक्तिभाव कसला जमणार?

आता वेबपीविषयी दोन शब्द, म्हणजे सभेत तोंड द्यायला बरं. गूगलने ती २०१० साली आणली, व्हीपी८ या व्हिडिओच्या तंत्रावर बेतून. त्यांचा दावा असा, की त्याच दर्जाच्या जेपेगपेक्षा फाइल २५ ते ३४ टक्के लहान होते. एव्हिफ ही तशीच आणखी एक, त्यानंतरची, २०१९ची, बऱ्याच फोटोंत याहूनही लहान. यावर तुमचं उत्तर तयार असावं. जेपेग १९९२ची आहे. आपले अध्यक्षही साधारण तेव्हापासूनचेच आहेत, आणि त्यांना बदलायची गरज आजवर कुणाला वाटलेली नाही.

तरी कुणी वाद घातलाच तर ‘आयफोनवर दिसत नाही’ हे वाक्य टाका. सफारीने वेबपी २०२० मध्येच स्वीकारली, त्यामुळे हे आता खरं नाही, पण कार्यकारिणीत ते कोणाला ठाऊक? एचटीएमएलमध्ये पिक्चर नावाचा टॅग असतो. त्यात आधी एव्हिफ, मग वेबपी, शेवटी जेपेग अशी ओळ लावली की ब्राउझर स्वतःला कळणारी पहिली फाइल उचलतो आणि जुना फोनही उपाशी राहत नाही. ही सोय भाच्याच्या तोंडून बाहेर पडण्याआधी विषय मंडपाच्या कनातीकडे वळवा.

आणि बदल टळतच नसेल, तर तो स्वतःच्या हाताने करा. फाइलच्या नावातलं जेपीजी पुसून तिथे वेबपी लिहा. आतून फाइल जशीच्या तशी राहते, वजन एका बाइटनेही घटत नाही, आणि सभेत ‘केलं’ म्हणून सांगता येतं. याहून तयारीचे कार्यकर्ते खरोखर बदल करतात, पण लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळणारा पर्याय निवडून. आधीच दाबलेल्या जेपेगचा कण न् कण जपायचा म्हटलं की नवी फाइल बहुधा जुनीपेक्षा मोठी होते. मग अहवालात लिहा: प्रयोग केला, उपयोग झाला नाही.

फोटो पीएनजीत, म्हणजे काहीही न गाळणाऱ्या जड फॉरमॅटमध्ये, ठेवणं हाही जुना आणि भरवशाचा मार्ग. तेवणाऱ्या समईची जिफ, म्हणजे हलतं चित्र, तर हवीच; १९८७चा फॉरमॅट, रंग २५६, ज्योत हिरवट. चालतं.

मांडणीकडे वळू. फोटोची लांबी-रुंदी कोडमध्ये लिहायची नाही. ती लिहिली नाही की ब्राउझर जागा राखून ठेवत नाही, फोटो उतरेल तसं पान खाली सरकतं. भक्त ‘आरतीची वेळ’वर बोट ठेवायला जातो, तेवढ्यात ढोलपथकाचा फोटो उतरतो आणि बोट पडतं ‘देणगी द्या’वर. याला दोष म्हणायचं की उत्पन्नाचं साधन, ते खजिनदारांनी ठरवावं. लेझी लोडिंग, म्हणजे पडद्याजवळ येईपर्यंत फोटो न उतरवण्याची सोय, तीही उलटी वापरा: सगळ्यात वरच्या, आधी दिसायला हव्या असलेल्या मूर्तीला लावा, आणि खाली तळाशी असलेल्या रक्तदान शिबिराच्या ऐंशी फोटोंना मोकळं सोडा. ज्याला आरतीची वेळ बघायची आहे त्याच्या डेटा पॅकवर ते ऐंशी फोटो निमूटपणे उतरतील. आधी आपले कार्यकर्ते दिसू देत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फ्लेक्स. नाक्यावर लावलेल्या दहा बाय वीसच्या फ्लेक्सची फाइल डिझायनरकडून मागवा आणि तीच बॅनर म्हणून वर चिकटवा. ती छपाईची असल्यामुळे सीएमवायके या शाईच्या रंगपद्धतीत असते. काही ठिकाणी रंग असे भडकतात की आधारस्तंभ ओळखू येत नाहीत. वेळापत्रक, पत्ता, फोन नंबर, सगळं चित्रातच लिहिलेलं, त्यामुळे ते शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही, अंधांच्या स्क्रीन रीडरलाही वाचता येत नाही. इथे वेबपीची खरी खोटही सांगून ठेवतो: लॉसी, म्हणजे थोडी माहिती गाळणाऱ्या, वेबपीत रंगाची माहिती निम्म्या बारकाव्याने साठते, त्यामुळे केशरी पार्श्वभूमीवरची लाल बारीक अक्षरं कडेने फिसकटतात. आणि आपल्या फ्लेक्सवर केशरी नि लाल सोडून असतं काय? अक्षरं चित्राबाहेर साध्या मजकुरात लिहिली तर हा प्रश्नच मिटतो, पण मग अध्यक्षांचं नाव बाजूच्या नावापेक्षा तिप्पट मोठं कसं दिसणार?

साइटची तपासणी बीकेसीतल्या एखाद्या सभासदाच्या ऑफिसात करावी. एसी, मोठा मॉनिटर, फायबर. एकदा उघडा, मग दुसऱ्यांदा उघडून सगळ्यांना दाखवा. फोटो तोवर कॅशमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या साठ्यात, बसलेले असतात, पान टाळी वाजवायच्या आत येतं. अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी चौपाटीवर उभं राहून तपासायचा सल्ला कुणी देईल, एवढ्या लोकांचे फोन एकाच टॉवरला लटकलेले असताना. तो देणारा माणूस मंडळाचा हितचिंतक नाही. आपली साइट समितीने पसंत करायची असते. वापरायची कुणी, हा विषयपत्रिकेत नव्हता.

तक्रार येईलच. कोणी डोंबिवलीहून निघालेल्या आजी सुनेच्या फोनवरून विचारतील, आरती किती वाजता, साइट उघडत नाही गं. त्यांना नम्रपणे सांगा, आजी, फोन करा ना. नंबर वेबसाइटवर दिलेलाच आहे: फ्लेक्सच्या फोटोत, खाली उजवीकडे, खजिनदारांच्या कोपराच्या मागे.