दोन एमएक्स लावल्याने मेल वाटली जात नाही

वागळे इस्टेट, रबाळे, महापे इथल्या लघुउद्योजकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या खर्च वाचवण्याचा एक उपाय फिरतोय. सगळ्या स्टाफसाठी होस्टेड (गूगल, मायक्रोसॉफ्ट अशा कंपनीच्या सर्व्हरवरचे) मेलबॉक्स विकत घेऊ नका, असं त्यात म्हटलंय. ऑफिसात स्वतःचा मेल सर्व्हर बसवा, सेल्स आणि मालक यांच्यापुरती होस्टेड सेवा ठेवा. मग डोमेनला दोन एमएक्स नोंदी (डोमेनची मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायची ते सांगणाऱ्या; आकडा लहान तो आधी) लावा: आपला सर्व्हर १० वर, होस्टेड २० वर. ज्याचा मेलबॉक्स पहिल्या ठिकाणी नसेल त्याची मेल आपोआप दुसरीकडे जाईल, एक सर्व्हर बंद पडला तर दुसरा सांभाळेल, वेबसाइटला हात लावायची गरज नाही आणि एसपीएफ (डोमेनच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची नोंद) वगैरे मोठ्या कंपन्यांसाठी असतं, असा एकूण दावा आहे.

पैसे वाचवायचा हेतू रास्त आहे. एकाच डोमेनचे काही मेलबॉक्स ऑफिसात आणि काही होस्टेड ठेवताही येतात. पण या मेसेजमधल्या रीतीने केलं तर मेल हरवते, आणि छोट्या युनिटसाठी हरवलेली मेल म्हणजे बहुधा एखादी परचेस ऑर्डर असते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सर्वांत मोठी चूक पहिल्याच दाव्यात आहे. पाठवणारा सर्व्हर डोमेनच्या एमएक्स नोंदी विचारतो आणि सर्वांत लहान आकड्यापासून सुरुवात करतो. २० कडे तो वळतो ते १० ला जोडणीच झाली नाही किंवा तिथून तात्पुरती अडचण असल्याचं उत्तर आलं तरच. १० ने ‘५५०, असा मेलबॉक्स नाही’ म्हटलं (५५० हा कायमच्या नकाराचा कोड) की विषय तिथेच संपतो. कंपनीच्या गेटवर वॉचमन ‘या नावाचं इथे कोणी नाही’ म्हणाला तर कुरिअरवाला पार्सल परत नेतो, मागच्या गेटवर जाऊन विचारत नाही. म्हणजे सेल्सचा मेलबॉक्स होस्टेडवर आणि १० वर ऑफिसचा सर्व्हर असेल, तर सेल्सला आलेली प्रत्येक मेल ग्राहकाकडे परत जाणार. काही जण यावर दोन्हींना १० आकडा देतात. त्याने हाल वाढतात, कारण पाठवणारा दोघांतला कुठलाही सर्व्हर निवडतो. त्याच ग्राहकाची एक मेल पोचते, दुसरी परत जाते, आणि दोष सापडता सापडत नाही.

एमएक्स फक्त डोमेन ओळखतो, माणूस ओळखत नाही. कोणाचा मेलबॉक्स कुठे आहे हे सर्व्हरलाच सांगावं लागतं. म्हणून बाहेरच्या जगाला एकच ठिकाण दाखवा आणि पत्त्यानुसार पुढे पाठवायचं काम त्याच्याकडे द्या. माझं मत होस्टेड सेवा पुढे ठेवण्याचं आहे. स्पॅमची गाळणी तिथे होते आणि ऑफिसची वीज गेली तरी ती चालू राहते. मायक्रोसॉफ्टच्या सेवेत डोमेनचा प्रकार ‘इंटर्नल रिले’ (इथे न सापडलेल्या पत्त्याची मेल पुढे पाठवणारा) करून ऑफिसच्या सर्व्हरकडे जाणारा कनेक्टर, म्हणजे मेलचा मार्ग, बनवायचा. गूगल वर्कस्पेसमध्येही राउटिंगच्या सेटिंगमधून अशी विभागणी होते. फक्त ऑफिसच्या सर्व्हरवर होस्टेड सेवेचे आयपी विश्वासातले म्हणून नोंदवा आणि त्यांच्याकडून येणाऱ्या मेलची एसपीएफ तपासणी वगळा. नाहीतर मूळ पाठवणाऱ्याऐवजी मधला सर्व्हर दिसतो आणि चांगली मेल नाकारली जाते.

ऑफिसचा सर्व्हर पुढे ठेवायचाच असेल आणि त्यावर पोस्टफिक्स हे मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर असेल, तर ट्रान्सपोर्ट मॅपमध्ये (कुठल्या पत्त्याची मेल कुठे पाठवायची त्या यादीत) प्रत्येक होस्टेड पत्त्याचा मार्ग लिहावा लागतो. इथे अनेक जण अडकतात. मार्ग लिहिला तरी तो पत्ता वैध नावांच्या यादीत नसेल, तर पोस्टफिक्स मार्गापर्यंत न पोचता आधीच नकार देतो.

आणखी एक जपायचं. ‘माझ्याकडे नाही, तिकडे विचार’ ही सूचना दोन्ही सर्व्हरना देऊ नका. चुकीच्या पत्त्याची मेल मग दोघांमध्ये गरगरत राहते आणि टप्प्यांची मर्यादा संपल्यावरच परत येते. शेवटचा नकार देण्याचा अधिकार दोघांपैकी एकाकडेच हवा.

‘एक बंद पडला तर दुसरा सांभाळेल’ हा दावा ऐकायला सर्वांत दिलासादायक आणि प्रत्यक्षात सर्वांत घातक आहे. देखभालीसाठी दुपारभर वीज बंद राहिली असं धरा. १० उत्तर देत नाही म्हणून मेल २० कडे जाते. होस्टेड सेवेला ऑफिसचे मेलबॉक्स माहीतच नाहीत, त्यामुळे ती ५५० देऊन कायमचा नकार देते. हा दुसरा एमएक्स नसता तर ती मेल पाठवणाऱ्याच्याच रांगेत थांबली असती आणि वीज आल्यावर पोचली असती. २००८ चं आरएफसी ५३२१, म्हणजे मेल पाठवण्याच्या नियमांचा दस्तऐवज, सांगतं की हार मानण्याआधी साधारण किमान ४-५ दिवस प्रयत्न चालू ठेवावेत. पोस्टफिक्सची मूळ मुदतही ५ दिवसांची आहे.

वेबसाइटबद्दलचा दावा तितकाच चुकीचा, आणि इथे चूक कळतही नाही. वेबसाइट ज्या होस्टिंगवर आहे तिथला सर्व्हर तुमचं डोमेन स्वतःचं समजत असेल, तर तो एमएक्स विचारतच नाही. चौकशीच्या फॉर्मवरून आलेली मेल तो स्वतःच्याच एखाद्या मेलबॉक्समध्ये टाकतो, जो कोणी उघडत नाही. त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या ग्राहकांनी तुम्हाला पाठवलेल्या मेलचंही तेच होतं. ना बाउन्स (परत आलेली मेल), ना इशारा. चौकशा कमी झाल्या एवढंच जाणवतं आणि माणूस मंदीला दोष देतो. होस्टिंगला सीपॅनेल (ते सांभाळायचं पॅनेल) असेल तर ईमेल राउटिंगमध्ये ‘लोकल’ बदलून ‘रिमोट मेल एक्स्चेंजर’ करा. होस्टिंग बदललं असेल तर जुन्या कंपनीच्या सर्व्हरवरूनही डोमेन काढून घ्या.

एसपीएफचं थोडक्यात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल सगळ्याच पाठवणाऱ्यांकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डोमेनची डिजिटल सही) मागतं, आणि पाठवणाऱ्या आयपीची पीटीआर नोंदही (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी). जीमेल खात्यांना दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम याहून कडक आहेत, पण चार माणसांचं युनिटही पहिल्या अटीतून सुटत नाही. दोन्ही सर्व्हर एकाच एसपीएफ नोंदीत लिहा. दोन वेगळ्या नोंदी लावल्या तर तपासणीच फसते. पीटीआर तुमच्या डोमेनच्या पॅनेलमधून लागत नाही, ती इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडून घ्यावी लागते. साध्या ब्रॉडबँडवर पोर्ट २५, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो मार्ग, अनेकदा बंदच असतो. त्यामुळे ऑफिसच्या सर्व्हरची बाहेर जाणारी मेलही होस्टेड सेवेच्या रिलेमधूनच पाठवलेली बरी.

बदल करण्याच्या आदल्या दिवशी एमएक्सचा टीटीएल (बाकीचे सर्व्हर जुनी नोंद किती वेळ लक्षात ठेवतात ती मुदत) ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे चुकलं तर लगेच मागे फिरता येईल. बदल झाल्यावर बाहेरच्या खात्यावरून तीन मेल पाठवा: एक ऑफिसच्या मेलबॉक्सला, एक होस्टेडला, एक अस्तित्वात नसलेल्या पत्त्याला. तिसरी लगेच नाकारली गेली पाहिजे. मग वेबसाइटचा फॉर्म भरा आणि शेवटी ऑफिसच्या खात्यातून होस्टेड सहकाऱ्याला मेल करा. ऑफिसचा सर्व्हर डोमेन पूर्णपणे आपलंच धरून बसला असेल, तर ही मेल नक्की परत येईल.