ट्रेडमार्क संपला म्हणजे औषध एक्सपायर झालं नाही: रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की आमच्या सायनस-अॅलर्जीवर नाकात घालायच्या तेलाचं जुनं नाव ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर टाकलं तर मुदत संपलेली दाखवतंय, बाटलीवरचा गोलातला आर (®, म्हणजे नाव रजिस्टर्ड असल्याची खूण) पण गायब झालाय, म्हणजे आम्ही एक्सपायर माल खपवतोय. आणि त्या भीतीने तुम्ही आईंचं तेल बंद केलंत. हे शेवटचं वाचून फार वाईट वाटलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

साइटवर जे संपलंय ते नावाचं रजिस्ट्रेशन. ते १० वर्षांचं असतं, मग फी भरून रिन्यू करायचं, तारीख उलटली तरी ६ महिने जादा पैसे भरून करता येतं. आम्ही ते मुद्दाम केलं नाही, कारण जुन्या नावात 'सायनस' होतं आणि आजाराच्या नावावर कुणा एकाला हक्क सांगता येत नाही, त्यामुळे कुणीही तसंच नाव लावून माल काढायचा आणि लोक तो आमचा समजून घेऊन जायचे. आता नवीन नावाचा अर्ज केलाय. तो मंजूर व्हायच्या आत गोलातला आर छापणं बेकायदा आहे, ट्रेडमार्क कायदा १९९९, कलम १०७, म्हणून सध्या लेबलवर नुसतं टीएम आहे, म्हणजे नाव आमचं असं आम्ही सांगतोय, रजिस्टर अजून झालेलं नाही.

औषध बघायचं तर प्लीज बाटली हातात घ्या. लेबलवर लायसन्स नंबर, बॅच नंबर, कधी बनवलं आणि एक्सपायरीची तारीख, सगळं छापलेलं आहे. औषध बनवायचं लायसन्स १९४० च्या औषध कायद्याखाली मिळतं, ट्रेडमार्क ऑफिसचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, ते नाव तपासतात, तेल नाही. उद्या ट्रेडमार्क चालू दिसला म्हणून कुठलंही औषध चांगलं असंही धरू नका.

बॅच नंबरचा फोटो पाठवा, रेकॉर्ड काढून दाखवतो, तरी मनात शंका राहिली तर बाटली परत आणा, पैसे देतो. पण आईंना ताप असेल, डोळ्याभोवती सूज असेल किंवा एकाच बाजूला जास्त दुखत असेल तर आमच्या तेलावर थांबू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना आधी दाखवा.

आणि हो, जुन्या नावाची बाटली कुठे ताज्या तारखेची दिसली तर ती आमची नाही, घेऊ नका, लेबलचा फोटो मात्र आम्हाला नक्की टाका.