मशीन थांबवायला परवानगी कोणाची?

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी गुणवत्ता तपासणीचे काम पाहत असताना जर्मन ग्राहकाचे अभियंते पाहणीला आले होते. त्याच दिवशी एका ऑपरेटरने धातू कापणारी टिप घासल्यामुळे बोअर (छिद्राचा व्यास) कमी येतो आहे, तो तपासायचा गो गेज छिद्रात जाताना अडतो आहे, हे सकाळपासून दिसूनही मशीन चालू ठेवले आणि सत्तर नग नापास झाले. "थांबवले का नाही?" असे पाहुण्यांनी थेट त्यालाच विचारले. त्याने सुपरवायझरकडे पाहिले, सुपरवायझरने माझ्याकडे, आणि मी (सांगायला लाज वाटते) मॅनेजरसाहेबांच्या केबिनकडे. नंतर चहाच्या वेळी तो म्हणाला, "साहेब, बंद केलं असतं तर कोणाला विचारून केलंस, हेच आधी ऐकावं लागलं असतं."

डच संशोधक गेर्ट हॉफस्टेड यांनी १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांच्या आधारे वरिष्ठ-कनिष्ठांमधील अंतराचा निर्देशांक मांडला. आकडा जितका मोठा, तितके अंतर जास्त; त्यात भारत ७७ वर आहे, जर्मनी ३५ वर. त्या ऑपरेटरचे गप्प बसणे या आकड्यांवरून समजते. मात्र "आपल्याकडे असेच चालायचे" म्हणून त्यांचीच ढाल पुढे करणारे व्यवस्थापक मला पटत नाहीत.

आपल्याच सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ औंध संस्थानाने १९३९ मध्ये स्वतंत्रपूर ही खुली वसाहत वसवली, आणि शिक्षा भोगणारे कैदी तेथे तुरुंगाच्या भिंतींशिवाय राहून शेती करू लागले. राजा आणि कैदी यांच्याहून मोठे अंतर कोणत्या कारखान्यात असणार? तरीही तेथे विश्वास वरून आणि आधी टाकला गेला. आपल्याकडे तो खालच्या माणसाने वर्षानुवर्षे राबून मिळवायचा असतो, आणि तोवर भंगाराच्या गेटपासवरसुद्धा तीन सह्या लागतात. त्यातली तिसरी सही पहिल्या दोन पाहून होते, टेम्पोत कोणीच डोकावत नाही.

त्या प्रसंगानंतर आम्ही प्रत्येक मशीनवर लाल कार्ड लटकवले. शंका आली की ऑपरेटरने ते लावायचे आणि कोणालाही न विचारता मशीन थांबवायचे. दोन महिने त्या कार्डांवर नुसती धूळ बसली. मग एका रात्रपाळीत त्याच ऑपरेटरने कार्ड लावले. सकाळी मॅनेजरसाहेब मशीनपाशी आले तेव्हा "कोणाला विचारून?" हे शब्द त्यांच्या ओठांवर आलेले मला स्पष्ट दिसले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "टिप बदलली का?"