हा नम्रतेचा धडा नाही

सकाळी शाळेच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. काळी बेरे टोपी घातलेला लष्करी अधिकारी आणि खाली मजकूर: हिटलरच्या रणगाड्यांना धूळ चारणारा हा पोलिश जनरल युद्धानंतर हॉटेलात बारमागे उभा राहून ग्लास भरायचा, कारण मोठ्या माणसाला कोणतंच काम छोटं वाटत नाही. शेवटी जोडलेले हात. दुपारपर्यंत त्याखाली अंगठे, 'ग्रेट!', 'आजच्या पिढीने शिकावं' असं सगळं येऊन पडलं होतं. माझा संताप अजून उतरलेला नाही. ग्रुपवर चार ओळींत हे मावणार नाही, म्हणून इथे लिहिते.

त्या माणसाचं नाव त्या मजकुरात नव्हतंच. स्तानिस्वाव माचेक. मी नेदरलँड्समधल्या ज्या ब्रेडा शहरात राहते, ते त्यांच्या सैन्याने २९ ऑक्टोबर १९४४ ला जर्मनांच्या ताब्यातून सोडवलं. आणि ते बारमागे उभे राहिले ते नम्र होते म्हणून नाही. त्यांच्या देशाने त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं होतं आणि ज्यांच्या बाजूने ते लढले त्या ब्रिटनने पेन्शन नाकारली होती. म्हणून उभे राहिले.

आमच्या शेजारी एक डच आजी राहतात. पोलिश रणगाडे शहरात शिरले तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. मागे एकदा आमच्याकडे आलेल्या एका पाहुण्याने त्यांच्याकडून माचेक यांची गोष्ट ऐकली आणि भारावून म्हणाला, "एवढा मोठा माणूस, पण किती साधेपणा!" आजींनी हातातला कप जरा जोरातच टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "साधेपणा कसला? घर चालवायचं होतं त्यांना." पाहुणा गप्प झाला. मला आज दिवसभर तो कप ठेवल्याचा आवाज आठवतोय.

कोण होते हे माचेक? १८९२ साली ल्वुव शहराजवळ जन्मले. ते शहर आज युक्रेनमध्ये आहे, ल्विव म्हणतात त्याला. विद्यापीठात भाषा-साहित्य शिकत होते. पहिलं महायुद्ध आलं आणि ऑस्ट्रियाच्या सैन्यात इटलीच्या डोंगरांत लढावं लागलं, कारण तेव्हा पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हताच. तो १९१८ मध्ये पुन्हा उभा राहिला आणि हे त्याच्या सैन्यात गेले.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पोलंडवर हल्ला केला, तेव्हा पोलिश लोक घोड्यांवर बसून रणगाड्यांवर धावून गेले, असं अजूनही कितीतरी जण छातीठोकपणे सांगतात. त्यांनी माचेक यांची ब्रिगेड वाचावी. मोटारींवरून लढणारी, काळे चामडी कोट घालणारी, म्हणून काळी ब्रिगेड. दक्षिणेच्या डोंगराळ भागात आपल्याहून कितीतरी बलाढ्य जर्मन रणगाडा दलाला तिने पावलापावलावर अडवलं. ती हरली नाही. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत सैन्य घुसलं, सगळंच संपलं, आणि वरून हुकूम आला म्हणून १९ तारखेला ती हंगेरीत उतरली. मायदेश तो सुटला तो कायमचाच. तेव्हा माचेक ४७ वर्षांचे होते.

मग फ्रान्स. १९४० मध्ये अर्धवट जमलेली ब्रिगेड घेऊन लढले आणि फ्रान्सही कोसळला. इंधन संपलं, तेव्हा रणगाडे स्वतःच्या हातांनी मोडून टाकले आणि रात्री-रात्री जंगलांतून पायी निघाले. वेश बदलून मार्सेय, तिथून उत्तर आफ्रिका, मग लिस्बन, मग ब्रिटन. स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी १९४२ मध्ये त्यांची पहिली पोलिश आर्मर्ड डिव्हिजन, म्हणजे रणगाड्यांची मोठी तुकडी, उभी राहिली. दोनदा देश सोडून पळावं लागलेला माणूस तिसऱ्यांदा सैन्य उभं करतो. मी हे आजवर अनेकांना सांगितलं असेल, तरी दरवेळी इथे आले की आवाज भरून येतो.

ऑगस्ट १९४४, नॉर्मंडी. फालेजजवळ जर्मन सैन्य वेढ्यात सापडलेलं आणि निसटायच्या वाटेवर एक उंचवटा, टेकडी २६२. नकाशावर तो गदेसारखा दिसतो म्हणून माचेक यांनी त्याला गदाच म्हटलं. १९ ऑगस्टला त्यांचे लोक वर चढले आणि मागची वाट तुटली. खालून पळणारे जर्मन, बाहेरून वेढा फोडायला आलेले जर्मन, मध्ये हे. दारूगोळा संपत आलेला, जखमींना हलवायला जागा नाही, सोबत शेकडो जर्मन कैदी. २१ तारखेला कॅनेडियन सैन्य पोचेपर्यंत ते वरून हलले नाहीत. आणि हे लक्षात घ्या, त्याच दिवसांत पोलंडच्या राजधानीत, वॉर्सामध्ये, जर्मनांविरुद्ध उठाव चालू होता. कुणाची बायको तिथे, कुणाची आई, कुणाची बहीण. शहर जळत होतं आणि हे फ्रान्सच्या टेकडीवर होते, दुसऱ्याच्या देशासाठी.

ब्रेडाची गोष्ट मला सर्वांत जवळची, आणि ते मी इथे राहते म्हणूनच नाही. तोफा लावून शहर भाजून काढणं सोपं होतं. युरोपात ते सर्रास चाललं होतं. माचेक यांनी शहराला वळसा घालून जर्मनांना बाहेर रेटलं. गाव वाचलं, घरं वाचली, माणसं वाचली. दुकानांच्या काचांवर लोकांनी पोलिश भाषेत आभाराचे फलक लावले. आजी सांगतात की त्यांच्या आईने एका सैनिकाला घरात बोलावून बसवलं होतं आणि तो बसल्या बसल्याच झोपला, बूट न काढता, आणि आईने मुलांना बजावलं होतं, श्वासही मोठ्याने घ्यायचा नाही. विल्हेल्मिना पार्कात आजही एक जर्मन पँथर रणगाडा उभा आहे, पोलिश सैन्याने शहराला भेट दिलेला. मुलं त्याच्याभोवती खेळतात.

एप्रिल १९४५ मध्ये याच डिव्हिजनच्या लोकांनी जर्मनीतल्या ओबरलांगनची छावणी सोडवली. आत कोण होतं? वॉर्साच्या उठावात लढून कैद झालेल्या पोलिश स्त्रिया, १,७०० हून अधिक. कुंपणाबाहेरून पोलिश भाषेत हाक आली तेव्हा त्या बायकांना काय वाटलं असेल, याचा मी विचार सुरू करते आणि पुरा करू शकत नाही. मे महिन्यात विल्हेल्म्सहाफेनच्या नौदल तळाने त्यांच्यापुढे शरणागती पत्करली. युद्ध संपलं. जिंकले.

आणि घरी जाता आलं नाही.

फेब्रुवारी १९४५ मध्येच याल्टाला तीन मोठ्या लोकांनी, रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांनी, टेबलावर बसून नकाशे आखून टाकले होते. माचेक यांचं ल्वुव सोव्हिएत युनियनमध्ये गेलं. उरलेल्या पोलंडवर मॉस्कोने आपली माणसं बसवली. जून १९४६ मध्ये लंडनला विजयाची मोठी मिरवणूक निघाली आणि पश्चिमेत ब्रिटनच्या खांद्याला खांदा लावून लढलेल्या पोलिश सैन्याचं पथक त्यात चाललं नाही. त्याच सप्टेंबरात वॉर्साच्या सरकारने माचेक यांच्यासह ७६ अधिकाऱ्यांचं नागरिकत्व काढून घेतलं. ब्रिटन म्हणालं, हे आमचे नाहीत, जनरलची पेन्शन कसली? मग एडिंबरा, आणि त्यांच्याच हाताखाली लढलेल्या एका माणसाचं हॉटेल, आणि तो बार.

आता सांगा, यात नम्रतेचा धडा कुठे आहे? एक लाज आहे, आणि ती त्यांची नाही.

मान्य, ब्रिटनने १९४७ मध्ये कायदा करून लाखाहून अधिक पोलिश लोकांना देशात राहू दिलं. राहू दिलं, ठीक. आणि हेही मान्य की बारमध्ये काम करणं कमीपणाचं नाही, माझा स्वतःचा भाऊ हॉटेलातच राबतो. पण काम हलकं नाही म्हणून अन्याय हलका होत नाही. ज्याची थकबाकी आहे त्याच्या सहनशीलतेचं कौतुक करत बसलं की देणेकरी आरामात सुटतो. त्या फॉरवर्डमध्ये नेमका तो देणेकरीच गाळलेला होता. याल्टा नाही, ब्रिटन नाही, स्टालिन नाही. फक्त एक हसरा म्हातारा आणि एक ग्लास.

आणि ते एकटे नव्हते. १९४४ मधल्या, नेदरलँड्समधल्या आर्नेमच्या फसलेल्या मोहिमेचं खापर ज्यांच्या माथी फोडलं, ते पोलिश छत्रीधारी दलाचे सोसाबोव्स्की लंडनमध्ये कारखान्यात कामगार झाले. वॉर्साच्या उठावाचे सेनापती बोर-कोमोरोव्स्की खुर्च्या-सोफ्यांची गादीकामं करत. आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत त्याच युद्धात हजारो पोलिश बायका-मुलं राहिली, त्यांच्यातल्याही कितीतरी जणांना परत जायला घर उरलं नव्हतं. त्या सगळ्यांना काय, साधी राहणी आवडत होती म्हणून?

लिहिता लिहिता थोडी शांत झाले आहे. कारण पुढचं आठवलं. ब्रेडाने माचेक यांना मानद नागरिक केलं. त्यांची मुलगी आजारी असते, उपचारांना पैसे नाहीत, हे इकडे कळलं तेव्हा डच लोकांनी वर्गणी काढली. आजी तेव्हा नोकरीला लागलेल्या होत्या. त्यांनीही पाठवले होते पैसे. किती, ते त्या सांगत नाहीत. मी एकदा त्यांना म्हटलं, तुम्ही लोकांनी फार मोठं मन दाखवलंत. तर पुन्हा तोच चेहरा, कप जोरात ठेवला होता तेव्हाचा. "मन कसलं? उधारी होती." त्या एका वाक्यात मला त्या फॉरवर्डचं सगळं उत्तर मिळतं.

पोलंडच्या सरकारने १९८९ मध्ये, कम्युनिस्ट राजवट शेवटच्या घटका मोजत असताना, जाहीर माफी मागितली. शंभरीच्या घरात पोचल्यावर त्यांना देशाचा सर्वोच्च सन्मानही मिळाला. उशिरा का होईना, मिळाला, असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही. ११ डिसेंबर १९९४ ला, वयाच्या १०२ व्या वर्षी ते एडिंबरात वारले आणि ब्रेडात आपल्या सैनिकांमध्ये पुरले गेले.

तुमच्यापैकी बरेच जण आयंडहोवनला, रॉटरडॅमला कामानिमित्त येता, वीकेंडला ट्युलिप आणि पवनचक्क्या बघून परत जाता. यंदा ऑक्टोबरात आलात तर २९ च्या आसपास ब्रेडाला या. एटनसेबानवर पोलिश सैनिकांची दफनभूमी आहे, शेजारीच माचेक यांचं छोटं संग्रहालय आहे. आधी मेसेज करा, मी स्टेशनवर घ्यायला येते. आजींची तब्येत बरी असली तर त्याही येतील. त्यांना हवं ते विचारा, फक्त साधेपणाचा विषय काढू नका.