देवाच्या आवाजाचा पुरावा मागू नका आणि विकूही नका

आज सकाळी आमच्या जुन्या मित्रमंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर कोणीतरी एक व्हिडिओ टाकला. सौदी अरेबियातला माथ्यावर काळवंडलेला एक डोंगर, लाल समुद्राच्या तळाशी म्हणे फारोच्या रथांची चाके, आणि खाली ठळक अक्षरांत घोषणा, की देव मोशेशी बोलला हे आता विज्ञानाने सिद्ध झाले आहे. बायबलच्या कथेप्रमाणे या मोशेने इस्राएली लोकांना इजिप्तच्या राजाच्या, म्हणजे फारोच्या, गुलामीतून सोडवून समुद्रापार नेले आणि सीनाय पर्वतावर देव त्याच्याशी बोलला. लगेच दुसऱ्याने हसण्याचे इमोजी टाकून लिहिले, की या सगळ्या थापा आहेत आणि असल्या गोष्टी मानणाऱ्यांची कीव येते. मला दोघांचाही राग आला आणि तो अजून उतरलेला नाही.

आधी पुरावा विकणाऱ्यांविषयी लिहिते. त्या चाकांची खात्री कुठल्याही जबाबदार पुरातत्त्वज्ञाने केलेली नाही. उलट १९६७ ते १९८२ या काळात सीनाय द्वीपकल्प इस्राएलच्या ताब्यात असताना त्यांच्याच संशोधकांनी तो पिंजून काढला, आणि बायबलमधल्या निर्गम या पुस्तकात सांगितलेल्या सहा लाख पुरुषांच्या, म्हणजे बायकामुले धरून त्याहून कितीतरी मोठ्या, छावणीची त्या काळातली एकही खूण त्यांना मिळाली नाही. त्या शोधकांपैकी अनेकांना ती मनापासून हवी असणार. तरीही जे मिळाले नाही ते मिळाले नाही, असे त्यांनी लिहून ठेवले. श्रद्धेच्या नावाखाली खोटी चाके खपवणाऱ्यांना या सचोटीची थोडीही लाज वाटू नये, याचा मला संताप येतो.

माझे बालपण अलिबागजवळ गेले. आमच्या शेजारी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातले, एक कुटुंब राहत असे. तेलाचे घाणे चालवून शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या त्यांच्या पूर्वजांमुळे गावातली जुनी माणसे त्यांना शनवार तेली म्हणत. त्या घरातल्या आजींचा मुलगा मोठ्या दुखण्यातून उठला, तेव्हा त्यांनी मलिदा केला. भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे, वेलची, वर फळे रचलेले ताट, आणि भोवती बसून एलियाहू हन्नाबीची गाणी. हा एलियाहू म्हणजे तोच संदेष्टा, ज्याला होरेब पर्वतावर वारा, भूकंप आणि अग्नी यांत देव सापडला नाही, आणि मग एक अगदी हळू आवाज ऐकू आला. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, असे बेने इस्राएल मानतात. मी आजींना विचारले, “आजी, तो खरंच आला होता, हे कोणी पाहिलं?” त्या म्हणाल्या, “माझ्या सासऱ्यांनी सांगितलं, त्यांना त्यांच्या बापानं. खोबरं घे अजून.”

पुढे मोठी झाल्यावर कळले, की आजींचे हे उत्तर म्हणजे बाराव्या शतकातल्या स्पेनमधल्या यहूदा हलेवी या कवीचा युक्तिवाद होता. कुझारी या आपल्या ग्रंथात तो म्हणतो, की इतरांचे साक्षात्कार एकेकट्या माणसाला झाले, सीनायचा मात्र सहा लाखांसमोर झाला. इतक्या लोकांनी आपल्या मुलांना खोटे कसे सांगितले असेल? हा युक्तिवाद त्या व्हिडिओपेक्षा शंभर पटींनी सरस आहे. तरीही तो टिकत नाही. सहा लाख साक्षीदार होते हे आपल्याला त्याच ग्रंथातून कळते, ज्याची साक्ष काढायची आहे. शिवाय पिढ्यांची ती साखळी मध्ये तुटल्याचे बायबलच सांगते. इ.स.पू. ६२२च्या सुमारास यरुशलेमच्या मंदिराची दुरुस्ती चालू असताना हिल्कीया याजकाला मोशेच्या नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला आणि तो ऐकून योशीया राजाने आपली वस्त्रे फाडली. जे बापाकडून मुलाकडे अखंड येत होते, ते ऐकून राजा हादरला कसा?

एवढे मात्र मान्य करावे लागते, की सांगोवांगी पुष्कळ टिकते. कोकणात बहुतेक प्रार्थना विसरल्या गेल्या, तरी बेने इस्राएलांनी एकाच देवाची ग्वाही देणारा शेमा जपला. पण टिकलेली गोष्ट मुळात घडलीच होती, हे त्यावरून ठरत नाही.

आता कीव करणाऱ्या मित्राकडे वळते. तुला वाटते, की पुरावा नाही म्हणजे सगळे रचलेले. पण १९७९ साली यरुशलेमजवळ केतेफ हिन्नोमच्या थडग्यांत चांदीच्या पातळ पत्र्याच्या दोन चिमुकल्या सुरळ्या सापडल्या. उलगडताना तुटतील म्हणून त्यांना हात लावायला तज्ज्ञ कचरत होते. उलगडल्यावर आत ओरखडल्यासारखी बारीक अक्षरे दिसली: “परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझे रक्षण करो.” हा गणना या पुस्तकातला याजकांचा आशीर्वाद आहे आणि त्या सुरळ्या सुमारे २६०० वर्षांपूर्वीच्या आहेत. देव बोलला, हे त्यावरून सिद्ध होते का? मुळीच नाही. कोणीतरी ते शब्द अंगावर वागवले आणि ते त्याच्यासोबत थडग्यात गेले, एवढेच कळते. उत्खनन इथवर नेते, पुढे नेत नाही. आणि तुझ्या बाजूचेही सांगून टाकते: सीनायमधल्या कुंतिलेत अजरूद येथे आठव्या शतकातले, इ.स.पूर्वचे, लेख मिळाले आहेत आणि त्यांत यहोवाच्या, म्हणजे इस्राएलच्या देवाच्या, जोडीला अशेरा या देवीचे नाव आहे. म्हणजे एकच देव ही कल्पना सगळ्यांनी एका दिवसात स्वीकारली नव्हती. बरे, मग? त्यामुळे मलिद्याच्या ताटाभोवती बसलेली माणसे मूर्ख ठरतात का? आजींनी मला कधीही काही मानायला लावले नाही. मुलगा डॉक्टरांमुळे बरा झाला ना, असे मी खोचकपणे विचारले, तेव्हाही त्या रागावल्या नाहीत. “डॉक्टरांचे पैसे दिले, आता त्याचे आभार,” एवढेच म्हणाल्या.

देवाने सांगितले असे म्हणत माणसांनी माणसे मारली आहेत, म्हणून पुरावा मागणे गैर नाही, हेही मला नाकारता येत नाही. पण ही अडचण त्या प्राचीन लोकांना आपल्याहून चांगली ठाऊक होती. यिर्मयाच्या पुस्तकाचा अठ्ठाविसावा अध्याय वाचा. मंदिरात सर्वांसमोर हनन्या नावाचा संदेष्टा म्हणतो, दोन वर्षांत बाबेलचे जू, म्हणजे त्या साम्राज्याची गुलामी, मोडेल, असे परमेश्वर सांगतो. संदेष्टा यिर्मया नेमके उलटे सांगत आलेला आहे, तेही परमेश्वराच्याच नावाने. हनन्या यिर्मयाच्या मानेवरचे, त्या गुलामीची खूण असलेले लाकडी जू काढून मोडतो आणि यिर्मया निघून जातो. त्या क्षणी तिथे उभ्या असलेल्या माणसाने कोणाला खरे मानायचे? बायबलमधल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचे उत्तर असे, की बोललेले घडले नाही तर ते देवाचे नव्हे. त्याच पुस्तकात आधी हेही लिहिले आहे, की चिन्ह खरे ठरले तरी ते दाखवणारा दुसऱ्या दैवतांकडे नेत असेल, तर त्याचे ऐकू नका. म्हणजे चमत्कार हा निर्णायक पुरावा नाही, हे त्या ग्रंथानेच ठरवले आहे.

तो सापडलेला ग्रंथ देवाचा आहे का, हे ठरवण्यासाठी योशीयाने हुल्दा नावाच्या संदेष्ट्रीकडे माणसे पाठवली. तिने ग्रंथ खरा असल्याची ग्वाही दिली आणि राजाला निरोप दिला, की तू शांतीने आपल्या थडग्यात जाशील. इ.स.पू. ६०९मध्ये मगिद्दो येथे फारो नखोने त्याला ठार केले. मगिद्दोची हकीकत लिहिणाऱ्यांसमोर हुल्दाचे शब्द होते. ते खोडणे किंवा सोयीस्करपणे बदलणे त्यांना सहज जमले असते. त्यांनी तसे केले नाही, आणि २ राजे या पुस्तकाच्या बाविसाव्या आणि तेविसाव्या अध्यायांत दोन्ही गोष्टी आजही शेजारी शेजारी वाचता येतात.