सदतीस पानांचा इतिहास

अभिनंदन! पुढच्या वर्षी तुम्ही वरच्या पातळीचा इतिहास घेतलाय आणि सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी सरांनी हातात वाचनाची यादी ठेवलीय. एक जाडजूड पुस्तक सक्तीचं, तीन ‘जमल्यास’, आणि तळाला एक ओळ: ‘वाचताना मनात आलेले प्रश्न लिहून ठेवा.’ ही ओळ आधी खोडून टाका. ऐन सुट्टीत मनात प्रश्न येणं तब्येतीला बरं नाही.

मी या वाटेने जाऊन आलोय, म्हणून हा सल्ला. तुम्ही मागितला नव्हता हे मला मान्य आहे. पण सल्ला मागितल्यावर द्यायला ती काय उसनी साखर आहे?

सुरुवात फोटोपासून करावी. टेबलावर पुस्तक, शेजारी कोरी वही, तीन रंगांचे हायलायटर आणि एक चष्मा. तुम्हाला चष्मा नसेल तर घरातल्या कुणाचाही चालेल. फोटो टाकला की निम्मा अभ्यास झाला. उरलेला निम्मा त्याखालच्या प्रतिक्रिया वाचण्यात होतो.

मग वेळापत्रक. पुस्तक ६०० पानांचं, सुट्टी ६० दिवसांची, म्हणजे रोजची १० पानं. दहा पानं म्हणजे किरकोळच की! आणि इतकं किरकोळ काम आजच कशाला करायचं? पंधरा दिवसांनी पुन्हा हिशेब मांडा, रोजची तेराच्या वर पानं होतात. महिना गेला की २०. पन्नासाव्या दिवशी ६०, आणि शेवटचे तीन दिवस उरले की २००. दर वेळी वेळापत्रक नव्याने आखायचं, पट्टी लावून, दर आठवड्याला वेगळा रंग देऊन. माझी एकूण पाच वेळापत्रकं झाली होती. त्यातलं चौथं इतकं देखणं उतरलं होतं की त्यावर खूण करून ते खराब करायला जीव धजेना.

आता हायलायटर. महत्त्वाचं तेवढंच रंगवावं, असं जाणकार सांगतात. पण पुढचं वाचल्याशिवाय मागचं काय महत्त्वाचं होतं हे कळणार कसं? आणि पुढचं तर आपण वाचणार नाही. तेव्हा धोका नको, सगळंच रंगवा. माझं पुस्तक फ्रेंच राज्यक्रांतीपासून सुरू होऊन दुसऱ्या महायुद्धापर्यंत जाणारं होतं. त्याची पहिली ३७ पानं आजही पिवळीधमक आहेत. सदतिसाव्या पानाच्या मध्यावर पिवळा रंग फिका होत जातो, मग रेघा तुटक होतात आणि शेवटच्या ओळीवर नुसता ओरखडा राहतो. तिथे हायलायटर संपला. नवीन आणला की पुढे वाचायचं असं पक्कं ठरलं होतं.

त्यामुळे क्रांतीच्या आधीचं मला सगळं येतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात हात घातल्यामुळे फ्रान्सच्या डोक्यावर वाढलेलं कर्ज, १७८८ च्या जुलैतली गारपीट, बुडालेलं पीक, महागलेला पाव, आणि ५ मे १७८९ रोजी तब्बल १७५ वर्षांनी भरलेली इस्टेट्स जनरल, म्हणजे तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची सभा. पुढचं विचाराल तर एकदम नेपोलियन. मधल्या काळात बरंच काही घडलं असावं असा माझा अंदाज आहे.

प्रस्तावना वाचू नका. आपण काय सिद्ध करायला निघालोय, आधीच्या कुठल्या इतिहासकाराचं म्हणणं आपल्याला पटत नाही, कुठली कागदपत्रं आपल्याला मिळाली आणि कुठली नाहीत, हे लेखक तिथे कबूल करून बसतो. एकदा ते कळलं की पुढची ६०० पानं म्हणजे ब्रह्मवाक्य न राहता एका माणसाचं म्हणणं होऊन बसतं. मग त्याच्याशी वाद घालावासा वाटतो, आणि सुट्टीत वाद घालायला घरची माणसं आहेतच. ही कबुलीजबाबाची खोड जुनीच आहे. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी अथेन्स आणि स्पार्टामधल्या पेलोपोनेशियन युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्या थ्युसिडिडीसने सरळ सांगून टाकलं की भाषणं शब्दशः लक्षात ठेवणं कठीण होतं. त्यामुळे प्रत्यक्ष बोलण्याचा आशय शक्य तितका धरून, त्या त्या प्रसंगी वक्त्याने जे बोलायला हवं होतं असं आपल्याला वाटलं, ते आपण लिहिलं. भल्या माणसा, हे सांगायची काय गरज होती? आम्ही भाषण पाठ करून टाळ्या घेतल्या असत्या.

तळटिपांचंही तेच. बारीक टाइपात छापलेलं वाचायचं नसतं, हे आपण मोबाइलवर ‘मला अटी मान्य आहेत’ दाबताना शिकलोच आहोत.

मग वाचायचं काय? सनावळी! इतिहास म्हणजे सनावळी, हे तुमच्या ओळखीतला प्रत्येक मोठा माणूस सांगेल, विशेषतः ज्याने शाळेनंतर इतिहासाचं पुस्तक उघडलेलं नाही तो. सन कधी दगा देत नाही. रशियातली ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरात झाली, हा अपवाद सोडा. तिथे जुनं ज्युलियन कॅलेंडर चालू होतं, त्यामुळे त्यांचा २५ ऑक्टोबर १९१७ म्हणजे इतरांचा ७ नोव्हेंबर. इंग्लंड-फ्रान्समधलं शंभर वर्षांचं युद्ध १३३७ ते १४५३ असं पाठ करा, फक्त वजाबाकी करू नका. ब्रिटनने कॅलेंडर बदललं तेव्हा, १७५२ साली, २ सप्टेंबरला झोपलेली माणसं सकाळी उठली तेव्हा १४ तारीख होती. आणि जॉर्ज वॉशिंग्टन जन्मले तेव्हा कॅलेंडरवर ११ फेब्रुवारी १७३१ होती, पण जन्मतारीख सांगतात २२ फेब्रुवारी १७३२, कारण त्याच बदलाने तारीख ११ दिवस पुढे सरकली, आणि जुन्या पद्धतीत इंग्रजांचं वर्षच २५ मार्चला सुरू व्हायचं. ही तारीख कुणाची, कुठल्या कॅलेंडरातली, आणि ‘शंभर वर्षांचं’ हे नाव त्या युद्धाला पडलं कधी, असं काही डोक्यात येऊ लागलं तर ताबडतोब पुस्तक मिटून पाणी प्या. खोडलेली ओळ पुन्हा वर यायला लागल्याचं ते लक्षण आहे.

सनावळीच्या खालोखाल सुभाषितं. ‘पाव नसेल तर केक खा’ हे फ्रान्सची राणी मारी आंत्वानेतच्या तोंडी घालायचंच. रुसो या तत्त्वज्ञाने ही गोष्ट ‘एका मोठ्या राजकन्येची’ म्हणून लिहिली, नाव दिलं नाही. त्यातला पदार्थ केक नसून ब्रिओश, म्हणजे लोणी-अंडी घातलेला पाव होता, आणि रुसो हे लिहीत होता तेव्हा मारी अजून फ्रान्सला आलीही नव्हती. पण एवढ्या फाटक्या पुराव्यासाठी इतकं चांगलं वाक्य कोण सोडतं?

आता जरा अवघड भाग: कारणं. वरच्या वर्गात ‘का’ असा एक शब्द फार वापरतात. घाबरू नका, कारणंही पाठ करता येतात. पहिल्या महायुद्धाची चार आहेत: लष्करवाद, मैत्री करार, साम्राज्यवाद, राष्ट्रवाद. तव्यावर पोळ्या टाकाव्यात तशी एकामागून एक टाकायची आणि शेवटी ठिणगी पाडायची. ठिणगी साराएव्होत, २८ जून १९१४. ऑस्ट्रियाचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडचा ड्रायव्हर चुकीच्या रस्त्याला वळला, गाडी थांबली, आणि समोर गाव्रिलो प्रिन्सिप हा सर्ब तरुण पिस्तूल घेऊन उभा. संपलं! एका ड्रायव्हरने महायुद्ध घडवलं, असं लिहून मोकळं व्हा.

यात एक बारीक अडचण आहे, ती तुमच्यापाशीच ठेवा. २८ जूनला गोळी झाडली गेली आणि ब्रिटन युद्धात उतरलं ४ ऑगस्टला. मधले ३७ दिवस. (माझ्या पानांइतकेच, पण तो योगायोग समजा.) या दिवसांत जर्मनीने ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंबा कळवला. ऑस्ट्रियाने २३ जुलैला सर्बियाला ४८ तासांची निर्वाणीची मुदत दिली. सर्बियाने जवळपास सगळ्या मागण्या मान्य केल्या तरी २८ जुलैला युद्ध पुकारलं गेलं. रशियाने सैन्याची जमवाजमव सुरू केली, जर्मनी बेल्जियममध्ये घुसली. म्हणजे पाच आठवडे राजे, मंत्री आणि सेनापती तारा पाठवत होते, आणि प्रत्येक वळणावर कुणीतरी ‘थांबू या’ म्हणू शकलं असतं. लष्करवाद काही स्वतः उठून तार करायला गेला नव्हता. मग त्यांतल्या कुणाला काय दिसत होतं, कुणाला कशाची भीती होती, कुणाचा अंदाज चुकला? यावर इतिहासकार शंभर वर्षं भांडतायत. १९६१ साली फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकाराने दोषाचा मोठा वाटा आपल्याच देशाच्या पदरात घातला, तर जर्मनीत गदारोळ उठला. शिकल्यासवरलेल्या माणसांचं अजून ठरत नाही म्हणजे विषयच कच्चा असणार. आपण आपली चार कारणं धरून बसावं.

एवढंही जमत नसेल तर सारांश आहेतच. आता तर यंत्राला सांगितलं की ६०० पानांचे सहा मुद्दे करून देतं, आणि सहाही लांब वाटले तर तीन. सारांशाचा मला आवडणारा गुण असा की त्यात कुणाचंच कुणाशी भांडण नसतं. सगळे इतिहासकार लग्नाच्या फोटोतल्या नातेवाइकांसारखे एका ओळीत उभे.

निबंधासाठी मात्र तयारी हवी. ही काही वाक्यं कुठल्याही देशाला, कुठल्याही शतकाला लागतात: ‘सर्वसामान्य जनता त्रस्त झाली होती.’ ‘असंतोष धुमसत होता.’ ‘अशातच ठिणगी पडली.’ ‘या घटनेचे दूरगामी परिणाम झाले.’ जनता नेहमी त्रस्तच असते, असंतोष कधी भडकत नाही, नेहमी धुमसतो, आणि परिणाम जवळपास कुठे होतच नाहीत. कोण त्रस्त, शेतकरी की विणकर, कशाने त्रस्त, हे लिहायला गेलात तर पुस्तक उघडावं लागेल.

शेवटचा धोका म्हणजे अस्सल साधनं. पत्रं, रोजनिश्या, जाहीरनामे, करार. वर्गात असे कागद समोर टाकतात आणि विचारतात, ‘यावरून काय कळतं?’ कागदावर जे लिहिलंय तेच कळतं, आणखी काय कळणार! कॉन्स्टंटाइन सम्राटाने पश्चिमेकडची सत्ता पोपच्या हवाली केल्याचं दानपत्र शेकडो वर्षं असंच सुखाने चाललं होतं. १४४० मध्ये लोरेन्झो वाल्ला नावाच्या माणसाने त्यातली लॅटिन भाषा तपासली आणि दाखवून दिलं की चौथ्या शतकातल्या रोममध्ये कुणी असं लिहीतच नव्हतं. कागदात चक्क ‘सत्रप’, म्हणजे इराणी सुभेदार हिंडत होते. सम्राटाची सही असलेला कागद एका व्याकरणवाल्याने खोटा पाडला! अशी माणसं वर्गात शेजारी बसू नयेत.

माझ्या शेजारी बसली होती. पहिलाच दिवस. सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘काही नाही’, आणि खाली: सोळावा लुई, १४ जुलै १७८९. म्हणाले, राजाच्या रोजनिशीतली ही त्या दिवशीची नोंद. दहा मिनिटं घ्या, लिहा.

मी मनात हसलोच. १४ जुलै म्हणजे पॅरिसच्या बॅस्टिल तुरुंगाचा पाडाव, सनावळी तोंडपाठ. दीड पान खरडलं. राजा विलासी आणि बेफिकीर. राजधानी पेटलेली असताना त्याच्या लेखी ‘काही नाही’. जनता त्रस्त, असंतोष धुमसतोय, ठिणगी पडली, तुरुंगाचे दरवाजे फुटले आणि शेकडो निरपराध कैदी सूर्यप्रकाशात आले. परिणाम दूरगामी झाले. शेजारच्या मुलीने दोनच ओळी लिहिल्या होत्या: ‘ही रोजनिशी कशाची आहे? एरवी तो तिच्यात काय लिहायचा?’ मला तिची कीव आली. उत्तराच्या जागी प्रश्न लिहिलाय बिचारीने.

सरांनी तिचा कागद आधी वाचला, मोठ्याने. मग सांगितलं, की रोजनिशी मुख्यतः शिकारीची होती. आज किती मारलं त्याचा हिशेब. त्या दिवशी शिकार झाली नाही म्हणून ‘काही नाही’. राजा बेफिकीर होता की नव्हता यावर खुशाल वाद घाला, पण या दोन शब्दांवरून ते ठरत नाही. आणि बॅस्टिलवर लोक गेले ते मुख्यतः दारूगोळ्यासाठी. कैदी आत होते सात.

माझ्या दीड पानावर लाल शाईत एकच शब्द आला: ‘पुरावा?’ दीड पानात शेकडो कैदी सोडवणाऱ्याला ही वागणूक.

घरी येऊन पुस्तक काढलं. मागच्या सूचीत ल खाली बघत गेलो. लुई, सोळावा, त्याखाली बारीक अक्षरात, शिकारीची रोजनिशी, पान ४१. पान उघडलं. सरांनी सांगितलं ते सगळं तिथे होतं, तळटिपेसकट, आणि कागद पांढरास्वच्छ, छापखान्यातून आत्ता आल्यासारखा.

तेव्हा एक लक्षात ठेवा. हायलायटर घेताना दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, पण निदान ४५ पानं टिकेल असा घ्या.