पाणी मस्त आहे, ये ना!

जंगलातल्या तळ्यावर पोहायला गेलेल्या जोडप्यातला एकजण आधी उतरतो आणि दुसरा काठावरून विचारतो, "कसंय पाणी?" या प्रश्नाचं खरं उत्तर कुठल्याही नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला आजवर दिलेलं नाही. उत्तर ठरलेलं असतं: "मस्त आहे! ये ना!"

यात लबाडी असते, पण अर्धीच. उरलेली अर्धी करामत शरीराची. पाणी १५ अंशांच्या खाली असेल तर उतरल्याबरोबर माणूस नकळत जोरात श्वास आत ओढतो, मग धापा टाकतो, छाती धडधडते. दोन-तीन मिनिटांत ते शमतं, कातडी बधिरते, आणि त्यानंतर तो जे सांगतो ते अगदी मनापासून सांगत असतो. म्हणून उत्तर ऐकण्याआधी स्वारी किती वेळ पाण्यात आहे ते बघावं. पहिल्या मिनिटात तोंडून जे निघतं तेच खरं. छापण्याजोगं नसतं, एवढंच.

या भानगडीमुळे मी थर्मामीटर पक्षाचा आहे. दोरीला थर्मामीटर बांधायचा, शेजारी एक दगड बांधायचा आणि दोन ठिकाणी माप घ्यायचं: एकदा गुडघाभर खोलीवर, एकदा पुरुषभर. प्रत्येक वेळी मिनिटभर थांबायचं आणि झटकन वर ओढून वाचायचं. आकडे बघून दोनदा मापावंसं वाटतं. चहूबाजूंनी झाडं असल्यामुळे वारा तळ्यापर्यंत पोचत नाही, पाणी ढवळलं जात नाही. ऊन वरचं पाणी तापवतं, तापलेलं पाणी हलकं म्हणून वरच राहतं, आणि थंड पाणी खाली हलत नाही. वर २४ अंश आणि दोन मीटरवर १६ अंश, असा संसार एकाच तळ्यात सुखाने चालू असतो. आता जो आडवा पोहतो तो उबदार थरात असतो. जो गप्पा मारायला उभा राहतो त्याचे पाय तळघरात जातात. एक म्हणतो कोमट आहे, दुसरी म्हणते बर्फ आहे. दोघंही खरं बोलत असतात, आणि दोघंही खरं बोलत असले की भांडण लांबतं. उपाय साधा आहे: गप्पासुद्धा पाठीवर तरंगत माराव्यात.

वरच्या २४ अंशांवरही फार विसंबू नये. पाणी अंगातली ऊब हवेच्या साधारण २५ पट वेगाने खेचतं. २४ अंशांच्या खोलीत माणूस दिवसभर आरामात बसतो, २४ अंशांच्या पाण्यात पाऊण तासात त्याचे दात वाजू लागतात. दात वाजायला लागले की बाहेर यायचं. "अजून पाचच मिनिटं" ही मागणी तेव्हा नामंजूर करावी, मग ती कितीही लाडिक असो.

पण हे सगळं उतरायचं ठरलं तर. आधी तळ्याकडे नीट बघायला हवं, आणि इथे माणसं हमखास चुकीच्या रंगाला घाबरतात. पाणी तपकिरी दिसलं की नाक मुरडतात. तपकिरी रंग बहुतेक वेळा कुजलेल्या पानांच्या आणि सालींच्या अर्काचा असतो, त्याने काही बिघडत नाही. घाबरायचं ते हिरव्याला. एक काठी घ्या, हिरवळीत फिरवा आणि वर उचला. केसांसारखे लांब तंतू लोंबकळत आले तर ते साधं शेवाळ. किळस येते, तेवढंच. काठीला काही न लागता हिरवा रंग चोपडल्यासारखा थर आला, किंवा पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा दिसला, तर ते विषारी असू शकणारे नीलहरित जीवाणू. कपडे बदलू नका, चपला घाला आणि परत फिरा. कुत्रा सोबत असेल तर त्यालाही पाण्याला तोंड लावू देऊ नका. मोठा पाऊस होऊन दोन दिवस झाले नसतील तरी हाच निर्णय, कारण काठावरची सगळी घाण पावसाने आत लोटलेली असते, उंदरांच्या मुतासकट. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) त्यातूनच येतो आणि कातडीवरच्या जखमेतून आत शिरतो. खरचटलेल्या जागी पाणी न शिरणारी पट्टी लावावी.

खोलीचा विषय एका वाक्यात संपतो: सूर मारू नये. पण एका वाक्यात संपत नाही, कारण काठावर बायको उभी असली की नवऱ्याला आडव्या फांदीवर चढावंसं वाटतं. पाणी नितळ असेल तर तळ वर उचलल्यासारखा दिसतो. दोन मीटर खोली दीड मीटरच भासते. जंगलातलं पाणी गढूळ असतं, त्यामुळे तिथे तळ दिसतच नाही, आणि गेल्या वादळात पडलेलं खोड पाण्याखाली हातभरावर वाट बघत असतं. लांब बांबू घेऊन चाचपावं, पायांकडून उतरावं. कौतुक करून घ्यायला बाकी पुष्कळ जागा आहेत.

आता अंगठी. लग्न टिकवायचं असेल तर लग्नाची अंगठी काढून ठेवा. थंड पाण्यात बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, बोट बारीक होतं, वर पाण्याचा बुळबुळीतपणा. घरी साबण लावूनही न निघणारी अंगठी तळ्यात पोहताना चौथा हात मारताच निसटते आणि वितभर मऊ चिखलात जाते. तिथे चुंबक चालत नाही, कारण सोनं चुंबकाला चिकटत नाही. बुडी मारून चाचपणाऱ्याने पहिल्याच हालचालीत इतका गाळ उठवलेला असतो की पुढचा तासभर काही दिसत नाही. अंगठी बुटात ठेवू नये (बूट झटकले जातात), खिशात ठेवू नये (शर्ट उलटा धरला जातो). गाडीच्या किल्लीच्या कडीत ओवावी आणि किल्ली जलरोधक पिशवीत टाकावी. पिशवीचं तोंड तीनदा दुमडून मगच कडी लावायची. एकदाच दुमडलेली पिशवी म्हणजे नुसती पिशवी.

चिखल हा खरा यजमान. वर्षानुवर्षं पडलेली पानं तळाशी प्राणवायूविना कुजतात, त्यांचा काळा लोण्यासारखा गाळ होतो. त्यावर पाय पडला की बुडबुडे वर येतात, सडक्या अंड्याचा वास सुटतो आणि नवरा-बायको एकमेकांकडे बघतात. बुडबुड्यात बहुतांश मिथेन असतो, त्याला वास नाही. वास हायड्रोजन सल्फाइडचा. ही माहिती आधीच देऊन ठेवावी. वास आल्यानंतर दिली तर ती सबब वाटते.

पाय रुतला तर सरळ वर ओढू नका. तळव्याखाली पोकळी होते आणि तीच पाय परत खाली खेचते. मागे रेलून अंगाचा भार पाण्यावर टाका, पाऊल हळूहळू गोल हलवून पाणी खाली शिरू द्या, मग पाय निघतो. जोडीदाराने हात धरून ओढायला येऊ नये. ओढणाऱ्याचा भार त्याच्याच पायांवर येतो आणि पाच मिनिटांनी दोघं रुतलेले असतात. पायात घट्ट लेसवाले जुने बूट हवेत. चप्पल तळं ठेवून घेतं, परत देत नाही. दगड किंवा मुळं असलेल्या टणक जागेवरून मांडीभर पाण्यात जायचं, तिथे खाली बसायचं आणि पुढे एक पाऊल न टाकता आडवं व्हायचं. पाणवनस्पती पायाला गुंडाळल्या तर लाथा झाडू नयेत, त्याने त्या आवळतात. थांबावं, तरंगावं, हाताने सोडवाव्यात.

जळू लागली की काठावरचा जोडीदार अचानक वैद्य होतो. मीठ टाक, काडी पेटव, अशा सूचना सुरू होतात. दोन्ही चूक. चिडलेली जळू पोटातलं जखमेत ओकते. नीट बघा: तिचं एक टोक बारीक आणि एक जाड. तोंड बारीक टोकाला. नख कातडीला सपाट टेकवून त्या टोकाखाली आडवं सरकवा, ते सुटतं. लगेच जाड टोक तसंच सोडवा आणि तिने तुमचं बोट पकडण्याआधी टिचकी मारा. रक्त काही तास झिरपतं, कारण ते गोठू नये असा पदार्थ तिने सोडलेला असतो. धुवा, दाबून पट्टी बांधा. काठावरून चाललेलं किंचाळणं उपचारात मोडत नाही.

काठावरच्या माणसाचं खरं काम वेगळं आहे. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा हात हलवत ओरडत नाही. तो उभा, गप्प असतो, तोंड पाण्याच्या पातळीला, मान मागे. तसं दिसलं की उडी न मारता तरंगणारी १५ मीटर दोरी फेकायची, टोकाला घट्ट झाकणाचा रिकामा पाच लिटरचा कॅन बांधून. ती आधी दोन-चारदा फेकून बघावी. मोबाईलमध्ये डोकं घातलेला माणूस काठावर आहे असं मी धरत नाही.

बाहेर आल्यावर घाईने पुसा, चोळून पुसा. बदकं आणि गोगलगायींमध्ये वाढणारे सूक्ष्म परजीवी अंगावरचं पाणी वाळताना कातडीत घुसतात आणि मग आठवडाभर खाज. थंडी मात्र बाहेर आल्यावर वाढते: अंगातलं तापमान आणखी काही वेळ उतरतच राहतं. म्हणून आधी वरचं अंग कोरडं करून कपडे, मग खालचं. जोडीदार टॉवेल धरतो, नजर जंगलाकडे, आणि नेमकी त्याच वेळी पायवाटेवर कुणाची तरी सहल उगवते. ओल्या अंगावर विजार चढवताना तिची मांडीवर दोरी होते. एका पायावर नाचू नये, खाली बसावं. आधी ढगळ सदरा घालावा, बाकीचं त्याच्या आत उरकावं. मोजे शेवटी, पाय बाटलीतल्या पाण्याने धुऊन.

घरी पोचल्यावर गोचीड तपासायची: गुडघ्याची खोबण, काख, कानामागे, केसांची कड. सापडली तर टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, पिरगाळायची नाही. ओले कपडे त्याच रात्री धुवायला हवेत. पिशवी उघडायची पाळी कुणाची, हा वाद सोमवारपर्यंत चालला तर पिशवीसकट टाकून द्यावेत.